टाकी लहान, मासा मोठा

मुलाच्या वाढदिवसाला फिश टँक घ्यायचा, हे आता बारामतीसारख्या गावातही नवे राहिलेले नाही. दुकानात दोन फुटांची काचेची टाकी, रंगीत खडे, बुडबुडे सोडणारा पंप आणि प्लॅस्टिकची झाडे असा सगळा संच तयार मिळतो. मग मासे निवडायचे. मुलगा बोट दाखवतो, दुकानदार जाळीने पकडून पिशवीत घालतो. दोन गोल्डफिश, दोन एंजल, एक निळा फायटर, पाच-सहा गप्पी. शेवटी काचेला तोंड चिकटवून बसलेला एक काळपट मासा दुकानदार स्वतःहून देतो. ‘हा सकर. काच साफ ठेवतो, तुम्हाला काही बघावं लागणार नाही.’

आठ-पंधरा दिवसांत गप्पींच्या शेपट्या कुरतडलेल्या दिसतात. गोल्डफिश पाण्याच्या वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. महिनाभरात बहुतेक मासे मरतात आणि घरचे म्हणतात, ‘आपल्याला मासे लाभत नाहीत.’ सकर मात्र जगतो. दोन इंचांचा आणलेला हा मासा वर्ष-दोन वर्षांत फूटभर होतो आणि टाकीत त्याला वळताही येत नाही. मारवत नाही, ठेववत नाही. मग एखाद्या रविवारी भिगवणला रोहित पक्षी पाहायला जाताना तो बादलीतून नेला जातो आणि उजनीच्या पाण्यात सोडला जातो. जीव वाचवल्याचे समाधान मिळते. चूक झालेली असते दुकानात. तिचे बिल मात्र दुसऱ्याच्याच नावावर फाडले जाते.

हे दुसरे कोण, तर इंदापूर तालुक्यात बॅकवॉटरकाठी राहणारी आणि मासेमारीवर पोट असणारी कुटुंबे. भीमेवरचे उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि त्याचा यशवंतसागर जलाशय इंदापूर, दौंड, करमाळा, माढा असा पसरला. भिगवण आणि इंदापूरच्या बाजारात या पाण्यातली मासळी येते. गेल्या काही वर्षांत तिथल्या जाळ्यांत सकर सापडू लागला आहे. हा मूळचा दक्षिण अमेरिकेतला मासा. भारतात तो शोभेच्या माशांच्या व्यापारातून आला. त्याच्या अंगावर हाडासारख्या कडक पट्ट्या आणि परांना काटे असतात. त्यात अडकून जाळे फाटते. पोटाच्या आधारे तो हवेतला प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे पाण्याबाहेरही बराच वेळ तग धरतो. काठाच्या मातीत बिळे करून अंडी घालतो. तळाचे शेवाळ खरवडताना इतर माशांची अंडीही फस्त करतो. बाजारात त्याला भाव नाही. कटला, रोहू मिळेल या आशेने टाकलेल्या जाळ्यात सकर आला, तर मासेमाराच्या वाट्याला फाटलेले जाळे तेवढे येते.

म्हणूनच घरच्या टाकीत कोणते मासे ठेवावेत, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. त्यात माशाचा जीव आहे, घरातल्यांचे आरोग्य आहे आणि भीमेचे पाणीही आहे. या तिन्हींची काळजी घेणारी निवड अवघड किंवा महाग नाही. फक्त ती रंगावरून करण्याऐवजी पाणी, जागा आणि स्वभाव या क्रमाने करावी लागते.

पहिली गोष्ट पाण्याची. बारामती-इंदापूरच्या बऱ्याच भागात बोअरचे पाणी जड आहे. साबणाला फेस येत नाही, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, बादलीला कड दिसते. या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असतात आणि त्याचा पीएच सहसा सातच्या वर असतो. गप्पी, प्लॅटी, मॉली आणि स्वोर्डटेल या पिल्ले देणाऱ्या माशांना नेमके असेच पाणी मानवते. उलट निऑन टेट्रा, डिस्कस हे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले मासे मऊ, किंचित आम्लधर्मी पाण्याचे. दुकानात ते सगळे शेजारशेजारच्या टाक्यांत दिसतात म्हणून घरच्या एकाच टाकीत सुखाने राहतील असे नसते. काही जण उपाय म्हणून आरओचे पाणी टाकीत भरतात. आरओच्या पाण्यातून क्षार जवळजवळ पूर्ण निघून गेलेले असतात. तेच एकटे वापरले तर पीएच स्थिर राहत नाही आणि गप्पी-मॉलीसारखे मासे खंगतात. आपल्या पाण्याला साजेसा मासा घेणे, हे माशासाठी पाणी बदलत बसण्यापेक्षा सोपे.

नळाचे पाणी वापरणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाळावी. नगरपालिका आणि ग्रामपंचायती पाण्यात क्लोरीन किंवा टीसीएल पावडर टाकतात. माणसाला कॉलरा-काविळीपासून वाचवणारे हेच क्लोरीन माशांचे कल्ले जाळते. पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवले की बहुतांश क्लोरीन उडून जाते. घाई असेल तर दुकानात मिळणारे थायोसल्फेटचे थेंब चालतात.

पाण्यातला खरा मारेकरी मात्र दिसत नाही. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया बाहेर टाकतो. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजली की त्यात भर पडते. नदीत हा अमोनिया वाहून जातो, पातळ होतो. टाकीत तो साठतो. टाकी जुनी झाली की खड्यांवर आणि फिल्टरच्या स्पंजवर उपयुक्त जिवाणूंची वस्ती होते. त्यांचा एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचे नायट्रेट. नायट्रेट तुलनेने कमी घातक असते आणि पाणी बदलल्याने ते कमी होते. ही वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पहिल्याच दिवशी बारा मासे सोडले, तर ते या जिवाणूंच्या आधीच पोहोचलेले असतात आणि पहिल्या महिन्यात पटापट मरतात. यात कोणाच्या हाताचा गुण-दोष नसतो.

जड पाण्याच्या गावात हे अधिक जपावे लागते. पाण्यातल्या अमोनियाचा एक भाग विषारी आणि उरलेला बराचसा निरुपद्रवी रूपात असतो. पीएच सातवरून आठवर गेला की विषारी भाग जवळपास दहापट होतो, आणि तापमान वाढले की तो आणखी वाढतो. त्यामुळे बारामतीच्या उन्हाळ्यात, बोअरच्या पाण्यात, तेवढ्याच माशांची तेवढीच घाण जास्त मारक ठरते. नायट्राइटचे कामही ओळखीचे आहे. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहून नेण्यासाठी निकामी करते आणि माशाचे रक्त तपकिरी पडते. खताचा अंश उतरलेल्या विहिरीचे नायट्रेटयुक्त पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात वापरले, तर बाळ निळे पडू शकते. त्या आजारात बाळाच्या शरीरात जे घडते, तेच इथे माशाच्या शरीरात घडते.

उपाय साधे आहेत. टाकी भरून फिल्टर चालू करावा. आधी दोन-तीनच काटक मासे सोडावेत आणि महिनाभर थांबून बाकीचे आणावेत. कोणाची जुनी, निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधला थोडा स्पंज आणावा, जिवाणूंचे विरजण मिळते. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्याच पाण्यात पिळावा. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यावे. पाहुण्यांच्या मुलांनी प्रेमाने टाकलेली चिमूट-चिमूट हे टाकीतल्या मृत्यूंचे मोठे कारण असते.

दुसरी गोष्ट जागेची. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकीत कागदावर ५६ लिटर पाणी मावते. खडे आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती ४५ लिटरच्या आसपास उरते. म्हणजे तीन बादल्याही नाहीत. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू विरघळतो, वीस अंशांना तो नऊच्या आसपास असतो. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी वीज गेली, पंप बंद पडला, की गर्दीची टाकी दोन-तीन तासांत धापा टाकू लागते. मोजकेच मासे असतील तर तीच टाकी तो वेळ निभावून नेते. म्हणून माशांची संख्या हिवाळ्यातला टाकीचा दिमाख पाहून ठरवू नये. मे महिन्यातली वीज गेलेली दुपार डोळ्यांसमोर ठेवून ठरवावी.

या हिशेबात गोल्डफिश बसत नाही. काचेच्या गोल भांड्यात गोल्डफिश हे चित्र सिनेमा-जाहिरातींनी रुजवले आहे. प्रत्यक्षात तो कार्पच्या कुळातला, नीट वाढला तर वीतभर होणारा आणि दहा वर्षांहून अधिक जगणारा मासा आहे. खातो खूप, घाण करतो खूप. गोल भांड्यात तो काही महिन्यांत मरतो आणि लोकांना वाटते की त्याचे आयुष्य तेवढेच. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, अॅरोवाना हे तर मोठ्या टाक्यांचेच मासे. वास्तूला लाभतो म्हणून आणलेला बोटभर अॅरोवाना पुढे दोन फुटांचा होतो, तेव्हा त्याला दोन फुटांच्या टाकीत सरळ पोहताही येत नाही.

तिसरी गोष्ट स्वभावाची. फायटरचे दोन नर एकत्र ठेवू नयेत, हे बहुतेकांना माहीत असते. पण तो लांब, रंगीत शेपटीच्या गप्पीलाही प्रतिस्पर्धी समजतो, हे फारसे कोणी सांगत नाही. फायटर एकटाच सुखात राहतो. टायगर बार्ब चपळ आणि खोडकर. संथ माशांचे पर कुरतडणे हा त्याचा उद्योग. एंजल लहानपणी गरीब दिसतो, मोठा झाला की तोंडात मावेल ते गिळतो. रंगीत माशांमध्ये साधा नियम हाच: ज्याच्या तोंडात दुसरा मावतो, तो आज ना उद्या त्याला खातो. याशिवाय काही मासे थव्याचे असतात. झेब्रा डॅनियो एक-दोनच ठेवले तर बावरतात, एकमेकांच्या मागे लागतात. सहा-आठ असले की शांत होतात.

मग दोन फुटांच्या टाकीत, इथल्या पाण्यात काय ठेवावे? एक पर्याय म्हणजे आठ-दहा नर गप्पी. दुसरा, चार-पाच प्लॅटी आणि सहा झेब्रा डॅनियो. झेब्रा आपल्याच उपखंडातला, ओढ्या-पाटांतला मासा. बोटाच्या दीड पेराएवढा, उन्हाळा-हिवाळा सोसणारा, संशोधन प्रयोगशाळांचाही लाडका. तिसरा पर्याय, एकच फायटर आणि भरपूर खऱ्या पाणवनस्पती. एवढेच. काच साफ ठेवायला मासा लागत नाही, स्पंजचा तुकडा पुरतो. टाकी उन्हात न ठेवता दिवा सात-आठ तासच लावला तर शेवाळही आटोक्यात राहते.

नर गप्पीच का, हेही समजून घ्यावे. गप्पीची मादी साधारण महिन्याला पिल्ले देते आणि एकदा मिळालेले शुक्राणू काही महिने साठवून ठेवते. दुकानातून एकटी आणलेली मादीही घरी आल्यावर पुन्हा पुन्हा वितते. सुरुवातीला मुलांना मौज वाटते. सहा महिन्यांनी टाकीत शंभर गप्पी असतात आणि पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, यांना सोडायचे कुठे?

गप्पीचा आरोग्य खात्याशी जुना संबंध आहे. डास निर्मूलनात गप्पी आणि गंबुसिया हे मासे अनेक दशके वापरले जातात. पूर्ण वाढलेला गप्पी दिवसाला ऐंशी ते शंभर डासअळ्या खातो. डेंग्यूच्या दिवसांत रिकामा करता न येणाऱ्या वापराच्या पाण्याच्या हौदात, जनावरांच्या मोठ्या टाकीत चार-पाच गप्पी सोडणे उपयोगाचे आहे, आणि घरातले जादा गप्पी त्यासाठी द्यावेत. पण दोन गोष्टी विसरू नयेत. बॅरल, कूलर, कुंड्या आणि टायर यांना आठवड्यातून एक कोरडा दिवसच हवा, तिथे गप्पी हा पर्याय नाही. आणि गप्पीही परदेशीच आहे. बंदिस्त हौदातला गप्पी हा मदतनीस आहे, कऱ्हेत किंवा निरा डाव्या कालव्यात सोडलेला गप्पी हा घुसखोर आहे. ओढ्याच्या पाण्यात स्थानिक लहान मासे अळ्या खातच असतात. त्यांच्या पिल्लांवर आणि अन्नावर नवा वाटेकरी आणून डास कमी होत नाहीत.

आता माणसाच्या तब्येतीबद्दल. फिश टँकने आजार होतात म्हणून घाबरण्याचे कारण नाही. टाकीसमोर दहा मिनिटे शांत बसणे बऱ्याच जणांना बरे वाटते, तो लाभ खरा आहे. पण एक जंतू माहीत असावा. मायकोबॅक्टेरियम मरिनम हा क्षयरोगाच्या जंतूचा दूरचा भाऊ माशांच्या टाकीत राहू शकतो. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांत तो पहिल्यांदा ओळखला गेला. बोटाला चीर असताना हात टाकीत घातला, की तो त्वचेत शिरतो. दोन-चार आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा, बोटावर किंवा मनगटाजवळ न दुखणारी लालसर गाठ येते. ती फुटते, भरत नाही, आणि कधी कधी हातावर वरच्या दिशेने ओळीने आणखी गाठी येतात. तीस अंशांच्या आसपास तो चांगला वाढतो, म्हणून तो शरीराच्या आत सहसा न जाता हाताच्या तुलनेने थंड त्वचेत मुक्काम करतो.

हा आजार बरा होतो, पण योग्य औषधे काही महिने घ्यावी लागतात. अडचण निदानाची आहे. गाठ पाहून गळू, बुरशी किंवा चामखीळ समजून मलमे बदलली जातात आणि महिने जातात. प्रयोगशाळेतही नमुना नेहमीच्या ३७ अंशांवर ठेवला तर जंतू वाढतच नाही, तीस अंशांवर ठेवा असे मुद्दाम कळवावे लागते. म्हणून महिनाभर न भरणारी हातावरची गाठ घेऊन जाणाऱ्याने ‘घरी फिश टँक आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. आणि ओपीडीतल्या डॉक्टरांनीही गर्दीतून तेवढा एक प्रश्न विचारावा. मासे साफ करणाऱ्या आणि जाळी ओढणाऱ्यांना हाच आजार होतो, त्यामुळे भिगवण-इंदापूरच्या पट्ट्यात तो प्रश्न दुप्पट गरजेचा आहे.

बाकी काळजी घरगुती आहे. हाताला जखम असेल तर हातमोजे घालावेत. टाकीचे पाणी नळीने काढताना तोंडाने ओढू नये. हे काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत आणि बादली-मग स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवू नयेत, कारण साल्मोनेलासारखे जंतू टाकीच्या पाण्यात असू शकतात. पाच वर्षांखालील मुलांचे हात टाकीत नकोत. मधुमेही, स्टिरॉइड किंवा केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णांनी टाकी साफ करण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे.

एवढे सगळे ग्राहकानेच शिकावे, अशी अपेक्षा करणे मात्र अन्यायाचे आहे. औषधाच्या पाकिटावर मात्रा असते, रोपाच्या पिशवीवर जात असते. माशाच्या टाकीवर फक्त किंमत असते. केंद्र सरकारने २०१७ मध्ये शोभेच्या माशांच्या दुकानांसाठी नियम काढले होते. व्यापाऱ्यांच्या विरोधानंतर ते मागे घेण्यात आले. त्यातल्या काही अटी जाचक होत्या हे मान्य केले, तरी संपूर्ण कोरी पाटी हा त्यावरचा उपाय नव्हता. किमान एक गोष्ट सक्तीची व्हावी: विक्रीच्या प्रत्येक टाकीवर माशाची पूर्ण वाढलेली लांबी, त्याचे आयुष्य आणि त्याला लागणारे किमान पाणी मराठीत लिहिलेले असावे. पाटी लिहायला खडूएवढाच खर्च येतो. ‘सकर, दीड फूट, दहा वर्षे’ एवढे वाचल्यावर दोन फुटांच्या टाकीसाठी तो कोणी घेणार नाही.

दुसरी मागणी नको झालेले मासे परत घेण्याची. दुकानदारांनी ते स्वीकारावेत आणि मत्स्यव्यवसाय विभागाने जिल्ह्यात निदान एक जागा त्यासाठी नेमावी. सध्या ‘पाण्यात सोडू नका’ म्हणताना ‘मग काय करू?’ या प्रश्नाला उत्तर नसते, आणि उत्तर नसलेला सल्ला कोणी पाळत नाही. तोवर ओळखीच्या मोठ्या टाकीवाल्याला मासा देणे किंवा दुकानात नेऊन परत करणे, एवढेच दोन मार्ग आहेत. कालवा, शेततळे, मंदिराचे कुंड आणि उजनी हे मार्ग नाहीत.

उजनीला परक्या माशांचा अनुभव नवा नाही. इथे चवीने खाल्ला जाणारा चिलापीही आफ्रिकेतला, १९५२ मध्ये भारतात आणलेला. त्याने बाजार धरला म्हणून तो खपून गेला. आफ्रिकन मांगूरवर २००० मध्ये बंदी आली, तरी त्याची चोरटी तळी पुढे अनेक वर्षे सापडत राहिली. एकदा पाण्यात गेलेला मासा आदेश काढून परत येत नाही. तो आत जाण्यापूर्वीच थांबवावा लागतो, आणि सकरच्या बाबतीत ती जागा म्हणजे दुकानाचा काउंटर आहे.

तेव्हा पुढच्या वाढदिवसाला टाकी जरूर घ्यावी. मुलाला बोट दाखवू द्यावे. फक्त दुकानदाराने पिशवीला गाठ मारण्यापूर्वी मुलालाच एक प्रश्न विचारायला शिकवावे, ‘काका, हा मोठा झाल्यावर केवढा होतो?’ उत्तर ऐकून त्याने हाताने मापून पाहावे, आणि टाकीत मावत नसेल तर मासा दुकानातच राहू द्यावा.